मागच्या दारची पायरी

आबा, गेल्या महिन्यात चीनमधल्या एका रस्त्यावर मी बूट काढले. मोजेही काढले. भर दुपारी, रविवारच्या गर्दीत, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हातात बूट धरून मी अनवाणी उभा राहिलो आणि येणारे-जाणारे मला वळसा घालून पुढे जाऊ लागले. हे तुम्हाला सोडून कुणाला सांगण्यासारखं नाही. इथे खोलीत कुणाला कळलं तर वर्षभर माझी टिंगल चालेल. म्हणून आज शुक्रवारची सुट्टी बघून, सगळे खाली कॅफेटेरियात चहा-पराठ्याला गेलेत तेवढ्यात, दोहाच्या नजमा भागातल्या या खोलीत खाटेवर मांडी घालून बसलोय आणि दगडाच्या नमुन्यांच्या खोक्यावर वही ठेवून लिहितोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी पहिल्यांदा कतारला आलो तेव्हा माझी पत्रं शाळेतले गुरुजी तुम्हाला वाचून दाखवायचे, आणि गुरुजींच्या तोंडून काय काय वदवून घ्यायचं या लाजेने मी प्रत्येक पत्रात 'मी खुशाल आहे, जेवण बरं आहे' एवढंच लिहायचो. आता मधे कुणी वाचणारं नाही. आता सगळं लिहिता येईल.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. मधल्या काळात तुमचा मुलगा मिस्त्रीचा इन्स्पेक्टर झाला. म्हणजे पूर्वी मी गुडघ्यावर बसून फरशा बसवायचो, आता उभा राहून दुसऱ्यांनी बसवलेल्या फरशांना नावं ठेवतो. गळ्यात ओळखपत्र, डोक्याला हेल्मेट आणि हातात एक चिमुकली हातोडी. तिने फरशीवर ठकठक करायचं आणि आवाज पोकळ आला की खडूने फुली मारायची. माझा इजिप्तचा इंजिनिअर सगळ्यांना सांगतो की याच्या कानाला मशिनही हरेल. मी मान डोलावतो. तो कान कुणाचा आहे हे त्याला कशाला सांगू? काळ्या दगडावर हातोडी वाजवून, डोळे मिटून, 'बद वाजतोय, आत चीर हाय' असं म्हणणारा माणूस त्याने पाहिलेला नाही.

पण कान तुम्ही दुय्यम मानायचात. तुमचा खरा भरवसा पायावर. दगड घडवून झाला की तुम्ही तो झाडायचा नाहीत. टाकीच्या घावांनी उडालेली ती करडी भुकटी तशीच हाताने सारखी पसरायचात, आणि ज्याच्या घरची पायरी असेल त्याला बोलावून म्हणायचात, 'उभा ऱ्हा. अनवाणी.' तो उभा राहून उतरला की तुम्ही खाली बसून त्याचा ठसा बघायचात. टाच कुठे भरून उमटली, चवडा कुठे तुटला, बोटं कुठे टेकलीच नाहीत. त्यावरून कुठे उंचवटा आहे आणि कुठे खळगा हे तुम्हाला कळायचं, आणि मग तिथे शेवटची टाकी पडायची. त्यानंतरच बादलीभर पाणी. गावात लोक हसायचे, पाथरवट आहे की ज्योतिषी म्हणायचे, पण आपल्या देवळाच्या पायऱ्यांवर ओल्या पायाने आजवर कुणी घसरल्याचं मला आठवत नाही. मी अठरा वर्षांचा असताना पहिला दगड घडवला आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला दाखवला, तेव्हा तुम्ही त्यावर चढलात, क्षणभर थांबलात आणि उतरलात. म्हणालात, 'पाय न्हाई म्हणतोय.' मी म्हणालो, 'दिसतोय तर सरळ.' त्यावर तुम्ही जे बोललात ते अजून जसंच्या तसं ऐकू येतं. 'डोळ्यानं दगड बघत्यात व्हय? डोळा लबाड असतोय. पायाला इचार.' मला तेव्हा राग आला होता. पुढच्याच महिन्यात मी पुण्याला टाइल बसवायच्या कामाला निघून गेलो. टाइलला पायाला काही विचारावं लागत नाही, हे मला फार आवडलं होतं.

आता त्या पायरीविषयी लिहितो. त्यासाठीच वही उघडली आहे, उगीच इकडचं तिकडचं लिहीत बसलोय.

सोळा वर्षांपूर्वी आपलं घर बांधून होत आलं होतं. मी वास्तुशांतीसाठी तीन आठवड्यांच्या रजेवर आलो. पुढच्या दारासाठी मी साताऱ्याहून काळा ग्रॅनाइट पसंत करून ठेवला होता, आरशासारखा. दोहातले मॉल बघून बघून माझे डोळे तसेच झाले होते. जे चमकतं ते पूर्ण झालेलं, जे चमकत नाही ते अजून अर्धवट. गाडीतून उतरलो तर अंगणात लिंबाखाली गोणपाटाने झाकलेलं काहीतरी होतं. तुम्ही सत्तरीला आलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि माझी बॅगही खाली ठेवू न देता मला तिथे घेऊन गेलात. गोणपाट बाजूला केलंत. साडेचार फूट लांब, काळी, एकसंध पायरी. वर ती भुकटी पसरलेली. आई म्हणाली, दीड महिना खपतायत, दुपारचं जेवणसुद्धा तिथेच. तुम्ही एवढंच म्हणालात, 'एक शेवटची टाकी ऱ्हायलीया. तू पाय ठेव, मग लावतो.'

आबा, मला ती दिसली कशी, खरं सांगू? खडबडीत दिसली. सगळ्या अंगावर बारीक बारीक ठिपके, जणू देवी येऊन गेलेल्या माणसाचा चेहरा. मी म्हणालो, 'पॉलिश कधी करणार?' तुम्ही माझ्याकडे बघितलंत. 'पॉलिश?' तेवढ्यात माझा फोन वाजला. कंपनीचा फोन होता, काहीतरी व्हिसाचं काम. मी फोनवर बोलत बोलत पायरीवर चढलो, उतरलो, आणि बोलत बोलतच घरात गेलो. पायात नवे कोरे बूट होते.

संध्याकाळी जेवताना तुम्ही विचारलंत. भाकरी मोडता मोडता, ताटाकडे बघत. 'पाय ठेवून बघितलास का?'

'हो,' मी म्हणालो.

'अनवाणी?'

'हो आबा. चांगली झालीय.'

 आमटीत भाकरी कुस्करलीत आणि जेवलात. आईने तुम्हाला आणखी वाढलं. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी गवंडी ग्रॅनाइट बसवायला येणार होता आणि तुम्हाला कसं सांगावं हा मला घोर होता. सकाळी धीर करून सांगितलं की पुढे ग्रॅनाइटच शोभेल, पायरी मागच्या दाराला बसवू, नळाजवळ. तुम्ही 'बरं' म्हणालात. तुमच्या 'बरं'ला काही तळ नसायचा, त्यात काहीही मावायचं. मी मात्र त्यातून माझ्या सोयीचं तेवढं उचललं.

आता चीन. तुम्हाला वाटेल, पाथरवटाचं पोरगं दगड बघायला एवढ्या लांब कशाला गेलं. आमच्या खोलीतला कुडाळचा ड्रायव्हरही हेच म्हणाला: 'दगड बघूक चीनाक जातंस? माझ्या घराकडे चल, व्हये तितके चिरे दाखवतंय.' त्याचं झालं असं, इथे समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या अंगणात आमच्या कंपनीने चकचकीत दगड बसवला होता. मालकाला तसाच हवा होता. रोज सकाळी धुतला की त्यावर माणसं घसरायची. शेवटी सगळा उखडायचं ठरलं आणि नवा दगड खरबरीत हवा, पाय धरून ठेवणारा, असा हुकूम निघाला. कारखाना चीनमधल्या छ्वानचौ शहराजवळ. माझा इंजिनिअर म्हणाला, 'यल्ला, चलो, तुम चायना जाओ. आँख से देखो, साइन करो, खलास.' आँख से देखो म्हणाला. मला हसू आलं, त्याला वाटलं चीनला जायला मिळतंय म्हणून हसतोय.

कारखाना केवढा म्हणून सांगू! आपल्या गावाचं शिवार मावेल एवढी एक शेड, आणि तिच्यात एक यंत्र. त्याच्या तोंडाला पोलादी दात. खालून दगडाची लादी सरकत जाते आणि वरून दात टकटकटक पडत जातात, आणि दुसऱ्या बाजूने लादी बाहेर येते तेव्हा तिच्या सगळ्या अंगावर बारीक बारीक ठिपके. मी जागच्या जागी थांबलो. ती तुमची टाकी होती, आबा. तंतोतंत. तुम्ही दीड महिना घेतलात ते काम ते यंत्र चहा गार व्हायच्या आत करत होतं, आणि त्या ठिपक्यांसाठी कतारहून माणूस पाठवला होता, तो माणूस मी. ज्या गोष्टीला मी अंगणात उभं राहून अर्धवट म्हणालो होतो, तिला पसंत करून सही ठोकायला मी विमानाने गेलो होतो.

लादी खाली ठेवली. घसरण मोजायचं आमचं एक यंत्र असतं, त्याला रबराचा पाय असतो आणि तो लंबकासारखा झोका घेऊन दगडाला घासतो. माणसाचा पाय वापरायचा नाही म्हणून रबराचा केला. तो लावण्याआधी सवयीने मी लादीवर चढलो, इकडून तिकडे दोन पावलं टाकली आणि उतरलो. मग यंत्र लावायला वाकलो. ताज्या लादीवर करडी भुकटी होती आणि भुकटीत माझ्या बुटांचे ठसे होते. तळव्याच्या रेघा, टाचेवरचं कंपनीचं चिन्ह, सगळं छापल्यासारखं स्वच्छ. यंत्र बाजूला ठेवून मी तिथेच खाली बसलो. कारखान्याची मुलगी, जी माझ्यासोबत दुभाषी म्हणून होती, तिने पाणी आणलं. तिला वाटलं आवाजाने त्रास झाला.

सोळा वर्षं मी समजत होतो की तुम्हाला कळलं नाही. ठसे वाचूनच ज्याने आयुष्य काढलं त्याच्यासमोर मी बुटाचा ठसा उमटवून ठेवला होता आणि वर जेवताना हो म्हणालो होतो. तुम्ही जेवायला बसण्याआधी लिंबाखाली जाऊन आला असणार. बघून आला असणार. आणि तरी विचारलंत, म्हणजे खरं सांगायची मला एक संधी दिलीत. दोनदा दिलीत. 'अनवाणी?' असंही विचारलंत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. विमान सोमवारी. ती दुभाषी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असेल, मी आदल्या दिवशीसारखाच पडेल चेहरा घेऊन खोलीत बसून राहीन म्हणून तिला काळजी वाटली बहुतेक. म्हणाली, चला, आमच्या शहराची सगळ्यात जुनी गल्ली दाखवते, तिथे पायीच फिरायचं असतं. मी गेलो. दोन्ही बाजूंना लाल विटांची दुमजली घरं, काही भिंतींत विटा आणि दगडाचे तुकडे असे एकमेकांत बसवलेले की जुन्या पडलेल्या घरांचं काही वाया घालवलेलं नाही हे लगेच कळावं. खाली दगडी लाद्या. कालवांचं धिरडं तव्यावर चरचरतंय, कुणी उसाचा रस काढतंय, उदबत्त्यांचा वास येतोय, आणि बायकांच्या डोक्यावर फुलं! आपल्याकडे एखादा गजरा, इथे अंबाड्याभोवती फुलांची गोलच्या गोल तीन-चार कडी, लाल, पिवळी, पांढरी, आणि मधोमध खोचलेली काडी. त्या मुलीने सांगितलं की जवळच्या कोळीवाड्यातल्या बायकांची ही रीत आहे, आता हौशीने सगळ्याच पोरी तशी फुलं माळून फोटो काढतात. आई सोबत असती तर म्हणाली असती, एवढी फुलं देवाला वाहिली असती तर. आणि तुम्ही? तुम्ही वर बघितलंच नसतंत. मान खाली घालून लाद्यांचे सांधे बघत चालला असतात आणि कुणाच्या तरी अंगावर जाऊन आदळला असतात.

मला तुम्ही हवे होतात हो तिथे. इतके हवे होतात की बोलता येत नाही. तुम्हाला कतारला आणायचं मी किती वेळा बोललो. तुम्ही विचारलं होतंत, 'तितं दगड कसला हाय?' मी म्हणालो, 'दगड कुठला, वाळू.' तुम्ही म्हणालात, 'मग यिऊन काय करू?' आणि मी तेवढ्यावर विषय सोडला. सोडायला नको होता. इथेही द पर्ल नावाच्या नव्या वस्तीत समुद्राकाठी चालायला लांबच लांब दगडी वाट आहे, कधी शुक्रवारी मी एकटाच तिथे जातो, लोक बोटी बघतात आणि मी खाली बघतो. अशा वेळी शेजारी तुमच्यासारखं खाली बघणारं कुणीतरी असावंसं वाटतं. दुसरं काही मागणं नाही.

त्या गल्लीत पुढे एक फार जुनं बुद्धाचं देऊळ आहे. मोठाले वड, दोन दगडी मनोरे. मुलीने मला मुख्य देवळाच्या मागच्या बाजूला नेलं आणि म्हणाली, हे तुमच्यासाठी. दोन खांब होते. दगड काळपट हिरवा, आपल्या काळ्या दगडाचा चुलतभाऊ शोभेल असा. त्यावर गोल गोल चौकटींत कोरलेली चित्रं. मी जवळ गेलो. नरसिंह होता, आबा! मांडीवर हिरण्यकश्यपू आडवा. झिजला होता पण ओळखू येत होता. दुसरीकडे दोन झाडांच्या मधे आपला कान्हा. उखळाला बांधलेला असताना त्याने दोन झाडं पाडली ती गोष्ट. तुम्ही पन्नासेक उखळं तरी घडवली असतील, तुम्ही आधी कान्हा सोडून उखळच शोधलं असतंत आणि त्याचं माप चुकलंय म्हणाला असतात. मुलीने सांगितलं की शेकडो वर्षांपूर्वी या बंदरात हिंदुस्थानचे व्यापारी राहायचे, त्यांनी इथे देऊळ बांधलं होतं. ते पडलं. पुढे या देवळाचं काम निघालं तेव्हा त्या पडक्या देवळाचे हे खांब आणून इथे उभे केले. मी विचारलं, परक्या देवाचे खांब कशाला घेतले? तिला हा प्रश्नच नीट कळला नाही. म्हणाली, 'काम चांगलं होतं ना.'

काम चांगलं होतं. त्यांना त्या देवाचं नाव ठाऊक नव्हतं, घडवणाऱ्याची भाषा येत नव्हती, तरी त्यांनी तो दगड पुढे आणून डोक्यावर छप्पर धरायला उभा केला. आणि मी माझ्या बापाची पायरी मागच्या दाराला टाकली.

देवळातून बाहेर येऊन मी परत गल्लीत आलो आणि तिथेच बूट काढले. मुलगी गडबडून म्हणाली, 'देऊळ मागे राहिलं, इथे बूट काढायची गरज नाही.' मी तिला हाताने थांब म्हटलं. लादी उन्हाने कोमट होती. आधी फक्त कोमटपणा कळला. मग टाचेखाली थोडा उतार कळला, पाणी गटाराकडे जावं एवढाच. मग चवड्याखाली बारीक टाकी, लोकांच्या चालण्याने बोथट झालेली पण गेलेली नाही. पुढच्या लादीवर पाय ठेवला, ती नवी होती, यंत्राची, हे पायाला डोळ्यांच्या आधी कळलं. तिसरी पुन्हा जुनी. मी तसाच चालत राहिलो. पस्तीस वर्षं मी पायाला काही विचारलं नव्हतं आणि तो सगळं सांगत होता. तुम्ही शिकवलेलं माझ्यात होतं, मी बूट घालून फिरत होतो एवढंच. मला रडू आलं. भर रस्त्यात, फुलं माळलेल्या पोरींच्या फोटोत मागे एक रडणारा हिंदुस्थानी आला असेल, हातात बूट घेतलेला.

तेवढ्यात एका दुकानातून एक म्हातारी बाहेर आली. तिच्या भाषेत माझ्यावर ओरडत. माझ्या पायांकडे बोट, बुटांकडे बोट, कपाळावर हात. बूट चावतायत म्हणून हा बाबा अनवाणी चाललाय असं तिला वाटलं. आत जाऊन तिने निळ्या प्लास्टिकच्या सपाता आणल्या, माझ्यापुढे आपटल्या आणि मी पाय घालेपर्यंत हलली नाही. सपाता तिच्या स्वतःच्याच असाव्यात, माझी टाच मागे दोन बोटं बाहेर राहिली. मग स्टुलावर बसवून गरम पाणी दिलं. मुलगी हसून हसून बेजार. म्हणाली, 'आजी म्हणतेय, एवढं वय झालं तरी मापाचे बूट घेता येत नाहीत का.' मी मान खाली घालून पाणी प्यायलो. फार दिवसांनी कुणीतरी मला असं हक्काने झापत होतं.

दोहाला परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी आईला फोन केला. तिची तब्येत बरी आहे, कान थोडे कमी झालेत, तेव्हा ओरडून बोलावं लागतं आणि खोलीत सगळे ऐकतात. मी म्हणालो, 'आई, मागची पायरी काढून पुढं बसवू या. गवंड्याला सांगतो.'

'कंची?'

'आबांची. नळाजवळची.'

'का? तिनं तुझं काय केलंय?'

'तिची जागा पुढं होती आई. माझं चुकलं तेव्हा.'

 ती म्हणाली, 'न्हाई काढायची. मी रोज तिच्यावर हुबी ऱ्हाऊन धुनं धुती. साबनाचं पानी असतंय, पर पाय कंदी सरला न्हाई. तुझ्या पुढच्या पायरीवर मी पावसाळ्यात पाऊलच टाकत न्हाई, गोनपाट टाकून ठिवलंय. ही काढलीस तर म्या कुठं हुबी ऱ्हाऊ?' आणि मग, मी न विचारता: 'गवंडी बसवत व्हता, त्याला उठवलं आन् ह्यांनी सोता बसवली. ढाळ काढला. मी म्हनलं, लेकानं मागं टाकली तर वाईट वाटलं का? तर म्हनले, पुढं मानसं कवातरी येत्यात, हितं तू रोज येतीस.'

मी विचारलं, 'आई, माझ्याविषयी काही बोलले होते का? त्या दिवशी?'

'कंच्या दिवशी?'

'मी आलो त्या दिवशी. पायरीबद्दल.'

'तू जेवून पडलास, तवा उठले आन् बादली घिऊन ग्येले. पायरी धुऊन काढली. मी म्हनलं, शेवटची टाकी लावायची हाय न्हवं, मग आत्ताच का धुताय? तर म्हनले, आता ऱ्हाऊ दे. पोराचा पाय बगून लावनार व्हतो.' आणि लगेच तिने विचारलं की दिवाळीला येताना खजूर आणशील का, मऊ बघून आण, आता चावत नाही.

मी हो म्हणालो. फोन ठेवला. कुडाळचा ड्रायव्हर सगळं ऐकत होता, त्याने उठून मला चहा आणून दिला.

म्हणजे ती पायरी अजून पुरी झालेली नाही. जगातल्या सगळ्या माणसांसाठी ती झाली, आईसाठी झाली, फक्त एका पायासाठी एक टाकी राहून गेली आणि ती लावणारा हात गेला. ती आता मी लावावी असं मनात येतं. तुमची हत्यारं माळ्यावर आहेत, गंजली असतील, पण गंज काढता येतो. भुकटी पसरायची, उभं राहायचं, उतरून ठसा बघायचा. पण ठसा वाचायला बसलो आणि मला काहीच कळलं नाही तर? चीनमधल्या लाद्या परक्या होत्या, तिथे चुकलो असतो तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथे मला भीती वाटते, आबा. सरळ भीती.

खाली जिन्यात आवाज येतोय, पोरं चहा पिऊन परत येतायत. हे पत्र खोक्यात नमुन्याच्या दगडाखाली ठेवीन. गावच्या पत्त्यावर टाकलं तर ते आईच्या हातात पडेल आणि ती कुणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून टाकणार नाही. एकच राहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो हे तुम्हाला ठाऊकच होतं, ते आता नव्याने सांगण्यात अर्थ नाही. जे तुम्हाला ठाऊक नाही ते सांगतो. त्यानंतर मी आठ वेळा सुट्टीवर आलो. दोनदा तुम्ही होतात, सहा वेळा नव्हतात. दर वेळी आल्या आल्या मागच्या नळावर हातपाय धुतले, पायात चपला ठेवून, पायरीच्या बाजूला चिखलात उभं राहून. तिच्यावर मी अजून अनवाणी पाय ठेवलेला नाही.